काचेचं माप आणि बिलाचं माप: एका दुकानाच्या दर-शीटचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावातलं हे काचेचं दुकान. पुढच्या गाळ्यात काउंटर आणि आरशांचे नमुने, मागच्या गाळ्यात कटिंगचं टेबल आणि भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या काचेच्या शीट. गल्ल्यावर वडील बसतात, त्यांना सगळे शेठ म्हणतात. मुलगा साइटवर जाऊन मापं घेतो. काउंटरवरची मुलगी कोटेशन आणि बिलं करते. कटिंग मिस्त्रींच्या हातात आहे. या दुकानाचं जीएसटीचं आणि जमाखर्चाचं काम मी बघते, आणि त्यातूनच दराच्या एक्सेल शीटचं काम माझ्याकडे आलं. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव दिलेलं नाही आणि दर बदलले आहेत. मापं आणि हिशेबाची रीत मात्र जशीच्या तशी ठेवली आहे.

काच चौरस फुटावर विकली जाते, एवढं बाहेरच्या माणसाला माहीत असतं. प्रत्यक्षात बिल होतं ते थोडं वेगळ्या रीतीने. माप येतं इंच आणि सुतात. एका इंचाचे आठ सूत. बिल करताना लांबी आणि रुंदी, दोन्ही बाजू पुढच्या तीन इंचांच्या पटीत वाढवतात. म्हणजे २५ इंच आले की २७ धरायचे, ३७ आले की ३९. त्यामागे कारण आहे. शीट कापल्यावर कडेला उरणारी अर्ध्या-एक इंचाची पट्टी कुणाच्याच कामाची नसते, आणि तिचे पैसे कुठून तरी निघावे लागतात. कडांचं पॉलिश रनिंग फुटावर, म्हणजे कडेच्या लांबीवर. होल नगावर. टफन, म्हणजे भट्टीत तापवून कणखर केलेली काच असेल तर कापणं, होल, पॉलिश सगळं आधी उरकावं लागतं, कारण एकदा टफन झालेली काच नंतर कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. माप चुकलं की ती काच वाया जाते.

अडचण

शेठ तोंडी हिशेब करायचे, मुलगा मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर, आणि काउंटरवरची मुलगी एका एक्सेल शीटवर. ती शीट मुलानेच कधीतरी बनवलेली: लांबी, रुंदी, गुणाकार, भागिले १४४, गुणिले दर. एकाच कामाचे तीन भाव निघायचे, आणि तिघंही आपापल्या जागी बरोबर असायचे. शेठ तीनच्या पटीत धरायचे. मुलगा खऱ्या मापावर हिशेब करून दर थोडा चढा लावायचा. शीटमध्ये पटीचा प्रश्नच नव्हता. गिऱ्हाईक एकदा मुलाशी फोनवर बोलून आणि मग काउंटरवर येऊन विचारून गेलं की कमी असलेला भाव धरून बसायचं.

शीटमध्ये मापं कशी भरली जात होती हे मी शेजारी बसून पाहिलं. बारा इंच तीन सूत हे वहीत सगळे १२-३ असं लिहितात. तेच शीटमध्ये टाइप केलं की एक्सेल ती तारीख समजतं: १२ मार्च. भारतीय पद्धतीची तारीख लावलेल्या कॉम्प्युटरवर २०२४ साली हे टाकलं असेल तर त्या खान्यात आत साठतो तो आकडा ४५,३६३. दुसरी बाजू २४ इंच आणि दर ९० रुपये असेल, तर एका छोट्या काचेची किंमत पावणेसात लाखांच्या पुढे जाते. ही चूक निदान डोळ्यांत खुपते. तिच्यावर उपाय म्हणून मुलीने डॅशऐवजी टिंब द्यायला सुरुवात केली होती, आणि ते जास्त घातक होतं. २६ इंच ३ सूत म्हणजे २६.३७५. ती टाकायची २६.३. फरक जवळजवळ दोन मिलिमीटर. सात सूत असतील तर २६.८७५ च्या जागी २६.७, म्हणजे साडेचार मिलिमीटरच्या आसपास. किंमत फारशी हलत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पण तीच शीट छापून मागे कटिंगला जात होती.

दुसरी गोष्ट त्याहून खर्चिक ठरली. शेठनी सांगितलं म्हणून मुलाने शीटमध्ये तीनची पट बसवली, पण मूळ मापाच्याच खान्यात. २६ इंच ३ सूत × ३८ इंच १ सूत या मापाच्या काचा होत्या. छापील कागदावर २७ × ३९ आलं. मिस्त्री त्या दिवशी नव्हते, हाताखालच्या पोराने कागद बघून २७ × ३९ कापल्या. काच साधी होती, म्हणून पुन्हा कापून मापात आणता आली. टफनला गेली असती तर सगळ्या काचा दुकानाच्या अंगावर पडल्या असत्या. शेठनी मला फोन केला तो त्या संध्याकाळी. म्हणाले, "ताई, एकतर ते कॉम्प्युटर नीट करा, नाहीतर बंद करा."

पर्याय

कॉम्प्युटर बंद करून छापील तक्ता लावणं हा पहिला पर्याय, आणि शेठचा कल तिकडेच होता. उभ्या ओळीत रुंदी, आडव्या ओळीत लांबी, दोन्ही तीनच्या पटीत, आणि चौकटीत चौरस फूट. असा तक्ता आजही पुष्कळ दुकानांत भिंतीवर दिसतो आणि तो उपयोगी आहे. फक्त पॉलिश, होल, टफनिंग, जीएसटी सगळं पुन्हा कॅल्क्युलेटरवर येतं.

दुसरा पर्याय म्हणजे खास काचेच्या धंद्यासाठी तयार केलेलं सॉफ्टवेअर. त्यात काचेच्या शीटवर तुकडे कसे मांडायचे हेही निघतं. दर महिन्याला दुकानातून जाणाऱ्या कामाच्या मानाने तो खर्च शेठना जड वाटला, आणि मलाही ते पटलं. जे दुकान आपला नियम स्वतःच एका वाक्यात सांगू शकत नाही, त्याने सॉफ्टवेअर घेतलं तर नियम सॉफ्टवेअरवाला ठरवतो.

तिसरा पर्याय होता असलेलीच शीट नीट बांधणं. तोच घेतला. पण मी एक अट घातली: शेठ, मुलगा आणि मिस्त्री तिघांनी एकत्र बसून नियम कागदावर लिहून द्यायचे, आणि तो कागद होईपर्यंत शीटला हात लावायचा नाही. माझ्या मते या प्रकरणातलं खरं काम त्या बैठकीत झालं. शीटचे फॉर्म्युले एका दुपारीत होतात. कुठल्या मापाचे पैसे घ्यायचे, हे दुकानाने आजवर मोठ्याने बोलूनच दाखवलेलं नव्हतं.

निर्णय कुठे अडले

तीनची पट ठेवायची की नाही, यावर बापलेकात बराच वेळ गेला. मुलाचं म्हणणं, खऱ्या मापावर हिशेब करू आणि घट, म्हणजे कापताना वाया जाणारी काच, दरात मिळवू. गिऱ्हाइकाला समजतं आणि भांडण होत नाही. बोलणं सरळ होतं. पण बाजारात गिऱ्हाईक विचारतं तो फुटाचा दर. शेजारचं दुकान ९० सांगत असताना आपण ९८ सांगितले, तर खऱ्या मापाचं स्पष्टीकरण ऐकायला ते थांबत नाही. शिवाय पटीमुळे एका बाजूला सरासरी दीड इंच वाढतो. २४ इंचाच्या बाजूवर हा दीड इंच म्हणजे सव्वासहा टक्के, ६० इंचाच्या बाजूवर अडीच टक्के. म्हणजे लहान तुकड्याला आपोआप जास्त भार पडतो, आणि लहान तुकड्याला कापण्याची मेहनतही त्या मानाने जास्तच लागते. दरात सरसकट वाढ केली असती तर मोठ्या काचेच्या गिऱ्हाइकाने लहान काचेचा खर्च उचलला असता. पट राहिली.

मग मिलिमीटरचा प्रश्न आला, आणि हा कुणाच्याच मनात आधी नव्हता. आर्किटेक्टच्या ड्रॉइंगमध्ये मापं मिलिमीटरमध्ये असतात. दोन फुटांना ते ६१० लिहितात, तीन फुटांना ९१५, चार फुटांना १२२०. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, त्यामुळे ६१० चे होतात २४.०१६ इंच, ९१५ चे ३६.०२४, १२२० चे ४८.०३१. केसभर जास्त. माणूस हे बघून चोवीस, छत्तीस, अठ्ठेचाळीस म्हणतो. फॉर्म्युला २७, ३९ आणि ५१ म्हणतो. ९१५ × १२२० ची काच ३६ × ४८ धरली तर १२ चौरस फूट. ३९ × ५१ धरली तर १३.८१. पंधरा टक्के जास्त. ते कुणी मागितलेले नाहीत आणि कुणाच्या लक्षातही येणार नाहीत. शीट जशीच्या तशी चालू केली असती तर ड्रॉइंग घेऊन येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला हा भुर्दंड पडला असता.

यावर दोन उपाय समोर होते. एक, माप आधी जवळच्या सुताला आणायचं आणि मग पट लावायची. ६१०, ९१५, १२२०, १८३०, २१३५ सगळी मापं त्यात नीट बसली. २४४० बसलं नाही. आठ फुटांना २४४० लिहितात, आणि त्याचे होतात ९६.०६३ इंच. अर्धा सूत म्हणजे ०.०६२५ इंच, २४४० त्याच्या किंचित पुढे जातं, म्हणून जवळचा सूत निघतो ९६ इंच १ सूत, आणि पट जाते ९९ वर. आठ फुटी आरसे तर ड्रॉइंगमध्ये नेहमीचेच. दुसरा उपाय, पट लावण्याआधी प्रत्येक बाजूतून सरळ एक सूत वजा करायचा. त्यात २४४० सकट सगळी मापं बसतात. पण त्याची किंमत दुकानाला पडते: खरोखर २४ इंच १ सूत असलेली काच आता २४ धरली जाते, आधी ती २७ धरली जायची.

हा निर्णय मी घेणं बरोबर नव्हतं. मी शेठना दोन्हीचे आकडे शेजारी शेजारी मांडून दाखवले. त्यांनी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्री म्हणाले, "एक सूत तर कटरच्या रेघेत जातंय, शेठ." शेठ म्हणाले, "मग एक सूत सोडला. दोन सुतापासून पट."

२४ इंच २ सूत आले की २७ होणार, आणि त्या बाजूला साडेबारा टक्के चढणार, हे तरी राहतंच. पण तो नियम आता कोटेशनच्या खाली छापलेला आहे. पुष्कळ गिऱ्हाइकं तो वाचून स्वतःच म्हणतात, "मग दोन सूत कमी करा, फ्रेममध्ये बसेल." हे दोघांच्याही फायद्याचं.

किमान मापाचाही घोळ होता. शेठचा जुना नियम: एका तुकड्याला कमीत कमी दोन चौरस फूट. बाथरूमच्या व्हेंटिलेटरच्या पट्ट्या ६ × २४ इंच असतात, म्हणजे एक चौरस फूट. सहा पट्ट्या मागितल्या की सहाचे बारा फूट व्हायचे. शेठ अशा वेळी मनानेच कमी करायचे, मुलगी करू शकत नव्हती. किमान माप कशासाठी घेतो, असं विचारल्यावर शेठ म्हणाले, एका तुकड्यासाठी शीट टेबलावर घ्यायची, माणूस अडकवायचा, त्याचं हे. म्हणजे ते तुकड्याचं नव्हतं, कामाच्या एका ओळीचं होतं. एकाच जाडीच्या, एकाच मापाच्या सहा पट्ट्यांना शीट एकदाच टेबलावर येते. म्हणून किमान दोन फूट हे एका ओळीच्या एकूण क्षेत्रफळाला लावलं.

पॉलिशबद्दल फार चर्चा झाली नाही. पॉलिश खऱ्या कडेवर होतं, तर पैसेही खऱ्या मापाचे. मुलाने हे म्हटल्याबरोबर शेठनी मान डोलावली.

काय केलं

शीटमध्ये सगळ्यात आधी दोन मापं वेगळी केली: कापायचं माप आणि बिलाचं माप. कापायच्या मापाला फॉर्म्युला कधीच हात लावत नाही. कटिंगचा कागद वेगळ्या पानावर निघतो, आणि त्या पानावर बिलाचं माप दिसतच नाही. पैसेही दिसत नाहीत.

इंचाचा खाना वेगळा, सुताचा वेगळा. सुताच्या खान्यात डेटा व्हॅलिडेशन लावून ० ते ७ हेच पूर्णांक घेतले जातात, आठ टाकला की मराठीत सूचना येते, "आठ सूत म्हणजे एक इंच, इंचात वाढवा." डॅश द्यायची गरजच राहिली नाही, त्यामुळे तारीख होण्याचा प्रश्न संपला. मिलिमीटरसाठी तिसरा खाना आहे. तो भरलेला असेल तर २५.४ ने भागून इंच होतात, नाहीतर इंच अधिक सूत भागिले आठ. पिवळे खाने भरायचे, बाकी सगळे लॉक.

पुढचे फॉर्म्युले असे. इथे ते वाचायला सोपे जावेत म्हणून देवनागरीत आणि खान्यांच्या नावांनी लिहिते. शीटमध्ये फंक्शनची नावं इंग्रजी अक्षरांतच टाकावी लागतात. सीलिंग आकड्याला पुढच्या पटीवर नेतं, मॅक्स दोन आकड्यांतला मोठा घेतं.

बिलाची रुंदी = सीलिंग(रुंदी − ०.१२५, ३)
बिलाची लांबी = सीलिंग(लांबी − ०.१२५, ३)
ओळीचं क्षेत्रफळ = मॅक्स(बिलाची रुंदी × बिलाची लांबी ÷ १४४ × नग, २)
पॉलिश = २ × (रुंदी + लांबी) ÷ १२ × नग × पॉलिशचा दर

०.१२५, ३ आणि २ हे आकडे प्रत्यक्षात फॉर्म्युल्यात लिहिलेले नाहीत. ते "नियम" नावाच्या पानावर एकेका खान्यात आहेत, आणि फॉर्म्युला तिथून ते उचलतो. उद्या शेठनी तीनऐवजी सहाची पट ठरवली तर एक खाना बदलायचा.

दराच्या तक्त्यात जाडी आणि प्रकार एकत्र जोडून एक नाव केलं आहे: "५ साधी", "५ आरसा", "१२ टफन". नावावरून तक्त्यातला दर शोधणाऱ्या व्हीलुकअप फंक्शनमध्ये शेवटचा भाग रिकामा सोडला तर ते जवळपासची जुळणी धरतं, आणि तक्ता क्रमाने लावलेला नसेल तर गुपचूप भलताच दर उचलतं. जुन्या शीटमध्ये तो भाग रिकामाच होता. काउंटरवरचं एक्सेल जुनं असल्यामुळे नवं एक्सलुकअप तिथे चालत नव्हतं. म्हणून इंडेक्स आणि मॅच वापरलं, तंतोतंत जुळणीसह. नाव जुळलं नाही तर दराच्या जागी शून्य न येता "दर नाही" असं लाल अक्षरात येतं. शून्य आलं असतं तर कुणीतरी फुकट कोटेशन दिलं असतं.

ज्या ऑर्डरवरून हे सगळं सुरू झालं, ती नव्या शीटवर अशी दिसते. ५ मिमी साधी काच, २६ इंच ३ सूत × ३८ इंच १ सूत, नग ४, चारही बाजू पॉलिश, प्रत्येकी दोन होल. बिलाचं माप २७ × ३९, एका काचेचे ७.३१२५ चौरस फूट, चारचे २९.२५. दर ९० धरला तर २,६३२.५०. पॉलिश खऱ्या मापावर: एका काचेची परिमिती १२९ इंच म्हणजे १०.७५ फूट, चारची ४३ फूट, १२ रुपयांनी ५१६. आठ होल २५ रुपयांनी २००. बेरीज ३,३४८.५०, त्यावर १८ टक्के जीएसटी ६०२.७३. एकूण ३,९५१.२३, आणि रुपयात पूर्ण करणं फक्त या शेवटच्या ओळीला. मधल्या प्रत्येक ओळीत राउंड लावलं की बिल आणि जीएसटीचा तक्ता यांचा मेळ पैशांत चुकत राहतो, आणि तो शोधायला मलाच बसावं लागतं.

एक खाना मुलाने मागून घेतला: वजन. काचेचं वजन दर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो. वरच्या ऑर्डरमध्ये एक काच ८.१ किलो, चार मिळून ३२.४. दुचाकीवर पाठवायची की टेम्पो बोलवायचा, हे आता ऑर्डर घेतानाच कळतं आणि भाडं कोटेशनमध्ये येतं.

बिलाच्या छापील पानावर फूट-इंचाच्या शेजारी मिलिमीटर आणि चौरस मीटरही टाकले. भारतात मेट्रिक मापं १९५६ च्या कायद्याने आली, आणि आजचा २००९ चा वैध मापन कायदाही दर आणि मापं प्रमाणित एककांतच सांगायला लावतो. बाजार फूट-इंचात बोलतो, तो काही एका दुकानाने बदलणार नाही. पण कागदावर दोन्ही असावं असं मी आग्रहाने सांगितलं. त्याचा दुसरा फायदाही झाला: आर्किटेक्टच्या ऑफिसातून माप तपासून येऊ लागलं.

निकाल

चालू करण्याआधी जुन्या वहीतली मापं शीटवर घालून शेठच्या हाताच्या हिशेबाशी ताडून पाहिली. बहुतेक जुळली. जी जुळली नाहीत, त्यांत शेठनी ओळखीखातर कमी केलेलं होतं. म्हणजे नियम बरोबर होता, सूट वेगळी होती, आणि ती वहीत कुठे दिसत नव्हती. म्हणून सुटीचा एक वेगळा खाना केला, टक्क्यांत, आणि तो शेठच्या परवानगीनेच भरायचा. आता ओळखीच्या कंत्राटदाराला सूट द्यायची तर दर किंवा माप कमी करावं लागत नाही. महिन्याला किती सूट गेली हे पहिल्यांदाच एका बेरजेत दिसलं, तेव्हा शेठ ते पान बराच वेळ हातात धरून बसले होते.

तिघांचे तीन भाव निघणं थांबलं. मापाचा घोळ होऊन काच परत कापावी लागण्याचा प्रकार, निदान कागदामुळे, पुन्हा झाला नाही. साइटवर टेप चुकीचा वाचला तर शीट काही करू शकत नाही, तसं एकदा झालंच.

सगळे खूश झाले असं नाही. काही जुने फ्रेमवाले शेठकडून सुतं सोडवून घ्यायचे, त्यांना छापील नियम आवडला नाही. त्यातला एक जण काही दिवस आला नाही, मग आला.

एक गोष्ट चालू झाल्यावर उघड झाली. कारखान्याकडून दर वाढले, मुलाने तक्त्यात नवे दर टाकले, आणि फाइलमध्ये सेव्ह केलेली सगळी जुनी कोटेशनं आपोआप नव्या दराची झाली. एक गिऱ्हाईक छापील कागद घेऊन आलं तेव्हा कागदावरचा आकडा आणि स्क्रीनवरचा आकडा जुळेना. अर्थातच कागद मानला. त्यानंतर कोटेशन दिलं की त्याची पीडीएफ काढायची, आणि दर-तक्त्यात जुना दर न खोडता तारखेसह नवी ओळ घालायची, अशी पद्धत लावली. कोटेशनवर किती दिवस दर पक्का, तेही छापतो.

पुन्हा करायचं झालं तर

नियमांची बैठक पुन्हा तशीच घ्यावी, पण मिस्त्रींना पहिल्यापासून मध्ये बसवावं. सुताचा निर्णय त्यांच्या एका वाक्यावर झाला. पॉलिश खऱ्या कडेचं, पट्ट्यांना शीट एकदाच टेबलावर, हे सगळं त्यांना आधीच माहीत होतं. कुणी विचारलं नव्हतं.

चाचणीसाठी सोपी मापं घेऊ नयेत. २४ × ३६ वर प्रत्येक फॉर्म्युला बरोबरच निघतो. उंबरठ्यावरची मापं घालावीत: नेमकी पट, पटीच्या एक सूत पुढे, दोन सूत पुढे, आणि मिलिमीटरमधली नेहमीची सगळी. २४४० यादीत नसतं तर जवळच्या सुताचा उपाय छान वाटून तोच चालू झाला असता.

दराच्या तारखेचा खाना पहिल्याच दिवशी हवा होता. भाव बदलणार हे काचेच्या धंद्यात कुणालाही ठाऊक असतं.

घटीचा प्रश्न मात्र शीटने सुटलेला नाही, आणि तसं दुकानाला स्पष्ट सांगितलं आहे. २७ × ३९ चे तुकडे ६ × ८ फुटी शीटवर मिस्त्रींनी पाच बसवले: एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला आडवे फिरवून दोन. पाच तुकड्यांचे होतात ३६.५६ चौरस फूट, शीट ४८ चौरस फुटांची. उरतात १५ × ३९, १८ × २७ आणि ६ × ९६ चे तुकडे, मिळून साडेअकरा चौरस फुटांच्या थोडं खाली. सहा इंची पट्टी व्हेंटिलेटरला जाते, बाकीचे दोन लहान कामात विकले गेले तर नफा, नाही तर ते भिंतीला टेकून राहतात. तीनची पट यातला थोडाच भाग भरून काढते. एका शीटमागे किती माल विकला जातो आणि किती भंगारात जातो याची नोंद मुलाने आता सुरू केली आहे. दोन हंगामांची नोंद हातात आल्यावर जाडीनुसार दर पुन्हा ठरवायचे आहेत.

गोल काच शीटमध्ये नंतर घातली. ३६ इंची गोल टेबलटॉप ३६ × ३६ च्या चौकोनातूनच निघतो, कोपरे वाया जातात, म्हणून क्षेत्रफळ चौकोनाचं, ९ चौरस फूट. पॉलिश मात्र गोल कडेचं, ३.१४१६ गुणिले ३६ भागिले १२, म्हणजे ९.४२ फूट, चौकोनाचं धरलं असतं तर १२ झालं असतं. लंबगोल आणि कोपरा कापलेल्या काचांचा भाव अजून मिस्त्री बघून सांगतात, आणि शीटमध्ये त्यासाठी हाताने भरायचा एक रिकामा खाना ठेवला आहे.